देवमासा, जहाज आणि न्यायासन



मुकुंदवाडीहून जालना रस्त्यानें शहराकडे येऊं लागलें कीं मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची इमारत दृष्टीस पडते. समुद्र येथून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. तथापि याच उच्च न्यायालयाचे २००४-०५ मधील मुख्य न्यायमूर्ति श्री. दलवीर भंडारी पुढें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत गेले, आणि देवमाशांच्या खटल्याचा निवाडा करणाऱ्या सोळा न्यायाधीशांपैकीं ते एक होते. तो खटला कसा उद्भवला, हें आज सांगावयाचें आहे.

देवमासा हा मासा नव्हे. तो आपल्याप्रमाणेंच हवेंत श्वास घेणारा व पिलांस दूध पाजणारा प्राणी होय. मादीला एका वेळीं बहुधा एकच पिलूं होतें. त्यामुळें यंत्रसज्ज जहाजांच्या शिकारीपुढें त्याचा निभाव लागेना. १९४६ सालीं राष्ट्रांनीं करार केला; १९८२ सालीं व्यापारासाठीं होणारी शिकार थांबविण्याचें ठरलें आणि १९८५-८६ च्या हंगामापासून तें अमलांत आलें. परंतु कराराच्या आठव्या कलमानें शास्त्रीय संशोधनासाठीं देवमासे मारण्याची मुभा ठेविली होती. तिच्याच आधारें जपानचा तांडा दक्षिण ध्रुवाकडील समुद्रांत जाऊं लागला. ‘निशिन मारू’ हें त्यांतील मुख्य जहाज. मारलेले देवमासे त्याच्यावर चढवून कापीत, आणि मांस पुढें बाजारांत विकलें जाई. जपानी लोकांची बाजूही ऐकली पाहिजे. तेथें हें मांस खाण्याची चाल शतकांची आहे, आणि महायुद्धानंतरच्या टंचाईंत त्यानेंच अनेक मुलांचें पोषण केलें.

‘सी शेफर्ड’ या संस्थेच्या स्वयंसेवकांस संशोधनाचें हें नांव केवळ पांघरूण वाटे. ते आपलीं जहाजें आडवीं घालीत, उग्र दर्पाच्या आम्लाच्या बाटल्या फेंकीत, शत्रूचा पंखा अडकावा म्हणून पाण्यांत दोर सोडीत. जपानी जहाजें उलट पाण्याचे जोरदार फवारे मारीत. ६ जानेवारी २०१० रोजीं ‘शोनान मारू क्रमांक २’ व संस्थेची ‘एडी गिल’ नौका यांची टक्कर होऊन नौकेचें नाकाड तुटलें. सहाही जण वांचले; दोष मात्र दोन्ही पक्षांनीं एकमेकांस दिला. २०१३ सालीं अमेरिकेच्या एका अपील न्यायालयानें संस्थेच्या या रीतीस चांचेगिरी म्हटलें. हेतु दयेचा असला तरी, जेथें मदत लवकर पोंचत नाहीं अशा हिमसमुद्रांत माणसांचे जीव धोक्यांत घालणें समर्थनीय ठरतें काय? ज्याचा त्यानें विचार करावा.

टकरीच्याच वर्षीं, ३१ मे रोजीं, आस्ट्रेलियानें जपानवर दावा लाविला. देवमासा मारणें पाप कीं पुण्य, या वादांत न्यायालय शिरलें नाहीं. सांगितलेल्या संशोधनाच्या मानानें इतके प्राणी मारण्याची योजना वाजवी आहे काय, एवढेंच त्यानें तपासलें. २००५ पासून सुमारें ३,६०० मिंके जातीचे देवमासे मारले गेले होते. शास्त्रीय फलित मात्र तुटपुंजें. ३१ मार्च २०१४ रोजीं बारा विरुद्ध चार मतांनीं निकाल जपानच्या विरुद्ध गेला. श्री. भंडारी बहुमतांत होते, व त्यांनीं आपलें स्वतंत्र मतही जोडलें.

तथापि निकालानें सर्व मिटलें असें नाहीं. २०१५-१६ मध्यें जपाननें नवी योजना आखून ३३३ देवमासे मारले. अखेर २०१९ सालीं त्यानें करारच सोडला; ध्रुवाकडील शिकार थांबविली आणि आपल्या समुद्रांत उघडपणें व्यापारी शिकार सुरू केली. ‘निशिन मारू’ २०२३ सालीं निवृत्त झालें; पुढील वर्षीं ‘कांगेई मारू’ त्याच्या जागीं आलें.

देवमासे पूर्णपणें वांचले नाहींत. पण शास्त्राच्या नांवाखालीं होणारा व्यापार आतां व्यापार म्हणूनच ओळखला जातो. टकरीनें जगाचें लक्ष वेधलें खरें. पण पांघरूण दूर केलें तें प्रश्न नेमका विचारणाऱ्या न्यायासनानें. बोलण्यांतला हेतु करणीशीं ताडून पाहावा, हीच ती कसोटी. बांधाच्या तंट्यास ती लागते, तशीच महासागरासही.