दोन दंडांच्या मधलं

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. काकांनी थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर ठोकून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं! आता याच संतांचे अभंग युनिकोडमध्ये टाइप केलेली एक मोठी फाइल तुमच्यासमोर आहे असं समजा. प्रोजेक्टसाठी प्रत्येक चरण वेगळा हवाय. कॉपी-पेस्ट करत बसलात, तर अख्खी दिवाळीची सुट्टी गेली.

यावर उपाय म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, बोलीभाषेत रेजेक्स. नेमका शब्द नाही, तर शब्दाचा साचा शोधायचा. कल्पना गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांची, १९५० च्या दशकातली. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती मजकूर शोधायच्या कामाला जुंपली. आज लिब्रेऑफिस, नोटपॅड प्लस प्लस, पायथन, सगळीकडे ती फुकट मिळते.

अभंगाचं एक बरं असतं, खुणा आधीच ठोकलेल्या असतात. चरण संपला की ॥१॥, पुढचा संपला की ॥२॥. ही खूण पकडणारा साचा असा:

॥[०-९]+॥

म्हणजे दोन दंड, मध्ये एक किंवा जास्त मराठी आकडे, पुन्हा दोन दंड. आता समजा मजकूर आहे अ॥१॥ब॥२॥क॥३॥. दोन खुणांमधलं सगळं घ्यायला बहुतेक जण मध्ये .* टाकतात. हे चिन्ह हावरट आहे. पहिल्या खुणेपासून थेट शेवटच्या खुणेपर्यंत सगळं एका घासात गिळतं. पुढे प्रश्नचिन्ह लावून .*? केलं की ते पहिल्याच खुणेशी थांबतं. बहुतेक व्हिडिओ इथंच संपतात, आणि खरी गोची इथंच सुरू होते.

कारण ‘ब’ संपवणारी ॥२॥ हीच ‘क’ची सुरुवात आहे. साच्याने ती एकदा उचलली की ‘क’ला सुरुवातच उरत नाही. ‘अ’च्या आधी तर खूणच नव्हती. तीन चरणांतला एकच हाती लागतो आणि स्क्रीनवर एररसुद्धा येत नाही! म्हणून शेवटची खूण नुसती पाहायची, उचलायची नाही:

[^॥]+(?=॥[०-९]+॥)

कंसाच्या आधीचा भाग म्हणतो, दंड सोडून काहीही घे. कंस म्हणतो, पुढे खूण आहे का तेवढं बघ. अ, ब, क तिन्ही हजर.

तरी धृपद राहिलंच. तिथं आकडा नसतो, ॥ध्रु.॥ असतं. मग आकड्यांच्या जागी ([०-९]+|ध्रु\.) लिहायचं. मधली उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. ही रेघ आपल्या जिल्ह्याच्या पोरांनी पाठच करून ठेवावी. २०२३ मध्ये नाव बदललं, पण जुन्या फाइलींत जुनंच आहे. त्यामुळे माहिती शोधताना धाराशिव|उस्मानाबाद असंच लिहावं लागतं.

आणि हीच रेघ घातही करते. कीबोर्डवर दंड सापडत नाही म्हणून अनेक टायपिस्ट दोन उभ्या रेघाच मारतात. डोळ्यांना सारखंच दिसतं, पण रेजेक्सला ते ‘किंवा किंवा’ वाटतं. कुणी एकेरी दंड दोनदा टाकतं, कुणी ॥ १ ॥ अशी मध्ये मोकळी जागा सोडतं. त्यामुळे साचा लिहिण्याआधी फाइल चाळा आणि सगळ्या खुणा एकसारख्या करून घ्या. रेघ शोधताना तिच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यायची, \| अशी.

काम झालं की मोजणी. वरचं ॥ श्री ॥ सोडून फाइलीत ॥ किती आहेत ते मोजा, निम्मे करा; तेवढेच चरण निघायला हवेत. आकडा विषम आला तर कुठंतरी एक दंड गळालाय. तो सापडेपर्यंत फाइल कुणाला पाठवू नका.