कोनी ते चंदू: पडद्यावरच्या जलतरणाचा मागोवा

सिनेमा कसा बनतो, हे भोरकरांना वेगळं सांगावं लागत नाही. राजवाड्यात इतकी शूटिंग झाली आहेत की एकच दृश्य पुन्हापुन्हा कसं घेतात आणि पडद्यावर ते सलग कसं दिसतं, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पाण्याशीही या मुलखाचा घरोबा जुना. भाटघरचं धरण 1928 मध्ये पूर्ण झालं. पुढे नीरा देवघर झालं, आणि वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी. इथल्या पिढ्यान्‌पिढ्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकल्या. जलतरणावरचा सिनेमा पाहायला असा जाणकार प्रेक्षक दुसरा मिळणार नाही. कॅमेऱ्याची करामतही तो ओळखतो आणि पाण्याची ओढही.

या प्रेक्षकाच्या नजरेने मागे पाहिलं, तर पडद्यावर आधी आले ते खरे जलतरणपटूच. 1924 आणि 1928 च्या ऑलिंपिकमध्ये जलतरणाची पाच सुवर्णपदकं मिळवलेला जॉनी वाइसमुलर 1932 मध्ये टारझन झाला. त्याचं पोहणं अस्सल होतं. पण त्या सिनेमांना जंगल आणि मगरी हव्या होत्या. शर्यत, सराव, हरणं यांना तिथे जागा नव्हती. उत्तम पोहणारा पडद्यावर होता, जलतरण मात्र नव्हतं.

आपल्या देशात ही उणीव भरून काढली ती बंगालीतल्या ‘कोनी’ने, 1980 च्या दशकात. मोती नंदी हे क्रीडा पत्रकार आणि कादंबरीकार. त्यांच्या कादंबरीवरून सरोज दे यांनी हा चित्रपट केला. गंगेत पोहणारी झोपडपट्टीतली मुलगी आणि तिला घडवणारा हट्टी प्रशिक्षक एवढीच गोष्ट. प्रशिक्षक झाले होते सौमित्र चॅटर्जी आणि कोनीच्या भूमिकेसाठी घेतली होती प्रत्यक्ष पोहणारी मुलगी, श्रीपर्णा बॅनर्जी. मराठी वाचकाला यात एक आपलेपणाचा धागाही सापडेल. कोनीची राष्ट्रीय स्पर्धेतली प्रतिस्पर्धी रमा जोशी ही महाराष्ट्राची दाखवली आहे. त्या काळी या खेळात महाराष्ट्राचा दबदबा किती मानला जाई, हे त्यावरून कळतं. ‘कोनी’ खरा वाटतो, कारण त्यात भूक आहे, क्लबातलं राजकारण आहे, रोजच्या सरावाचा कंटाळा आणि थकवा आहे. पदक म्हणजे या सगळ्याची बेरीज, हे त्याने नेमकं ओळखलं.

शर्यत दाखवायची वेळ आली की मात्र बहुतेक चित्रपट घसरतात. नायक आधी मागे पडतो, बाजूच्या लेनकडे बघतो, गर्दीचा जयघोष ऐकतो आणि शेवटच्या दहा मीटरमध्ये सगळ्यांना मागे टाकतो. प्रत्यक्षात पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये अव्वल पोहणारे एखाददुसराच श्वास घेतात, काही तर तोही घेत नाहीत. मान वळवली की शरीराची रेषा मोडते आणि वेग जातो. कानात पाणी आणि स्वतःच्या हातांचा आवाज असतो, गर्दी जवळपास ऐकूच येत नाही. शर्यतीचा बराचसा निकाल सुरुवातीच्या सुराने आणि पाण्याखालच्या पहिल्या काही मीटरांनी लागतो. पण तिथे नायकाचा चेहरा दिसत नाही, म्हणून कॅमेरा तिथे थांबत नाही.

खऱ्या शर्यतीतलं नाट्य किती बारीक असतं, हे कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने दाखवून दिलं आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो शाळकरी वयात उतरला. 2010 मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने पन्नास मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं. 1986 मध्ये खजान सिंग यांनी मिळवलेल्या रौप्यानंतर जलतरणातलं भारताचं आशियाई पदक चोवीस वर्षांनी आलं होतं. पुढे तहसीलदाराची नोकरी सांभाळून तो पुन्हा पाण्यात उतरला आणि 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य 0.01 सेकंदाने हुकलं. त्या वेगात हे अंतर दोन-सव्वादोन सेंटिमीटर भरतं, बोटाच्या पेराएवढं. या हरण्यात खलनायक नाही, दगाफटका नाही, कोणाची चूकही नाही. असं हरणं पडद्यावर पेलायला मोठं धाडस लागेल, आणि ते कोणीतरी करायला हवं.

या वाटेवरचा आपला सर्वांत जवळचा चित्रपट म्हणजे 14 जून 2024 रोजी प्रदर्शित झालेला कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’. ही गोष्ट सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांची. सैन्यातला हा मुष्टियोद्धा 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार सुरू असताना पोहणं हाती आलं. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पार करून सुवर्ण जिंकलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्ण.

पाय चालत नसताना 37.33 सेकंद म्हणजे काय, हे विहिरीत पोहलेल्या माणसाला लगेच उमगेल. पाय मारले नाहीत की कंबर खाली जाते आणि अंगामागे पाणी ओढलं जातं. तो सगळा भार खांदे आणि दंड यांनी वाहायचा. पेटकरांची भूमिका करणाऱ्या धडधाकट कार्तिक आर्यनला पाय लुळे ठेवून हे करायचं होतं आणि त्यासाठी त्याने घेतलेली मेहनत दिसते. तरी चित्रपटाचं खरं बळ शर्यतीत नाही. सदतीस सेकंद सिनेमाला पुरत नाहीत, त्यामुळे तिथे ताणाताण होणारच. बळ आहे ते अंथरुणाला खिळलेला माणूस पाण्यात पुन्हा हलका होतो, त्या भागात.

मग अशा चित्रपटांनी होतं काय? पेटकरांना पद्मश्री 2018 मध्ये मिळाली होती, पण घराघरांत त्यांचं नाव पोचलं ते या चित्रपटाने. जानेवारी 2025 मध्ये त्यांना जीवनगौरव अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा हा माणूस कोण, असं विचारणारे फारसे उरले नव्हते. विस्मरणातून माणूस परत आणणं ही लहान कामगिरी नव्हे. पाण्याशी दोस्ती असलेलं वेल्ह्यातलं एखादं पोर हा चित्रपट पाहून ‘मीही पोहणार’ म्हणत असेल, तर सिनेमाने आपलं काम चोख केलं.

पण इथेच मला कळकळीने एक सांगायचं आहे. पेटकर नुसत्या जिद्दीवर हायडेलबर्गला पोचले नाहीत. मागे सैन्य होतं, रुग्णालय होतं, क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्यासारख्या माणसाचा मदतीचा हात होता. प्रेरणा माणसाला पाण्याच्या काठापर्यंत आणते. पुढे शिकवणारा माणूस आणि सुरक्षित पाणी लागतं. धरणाचं पाणी म्हणजे तलाव नव्हे. काठाचा गाळ पायाखालून सरकतो, खोली एका पावलात बदलते. दर उन्हाळ्यात बुडण्याच्या बातम्या येतात, त्यांत पट्टीचे पोहणारेही असतात. पडद्यावरची उडी इथे तशीच मारायची नसते.

म्हणून गावात, शाळेत असा चित्रपट दाखवला, तर त्याच आठवड्यात पोहण्याचा वर्गही सुरू व्हावा. लाइफ जॅकेट, दोर, पाण्यावर नजर ठेवणारा जबाबदार माणूस आणि हातात स्टॉपवॉच, सुरुवातीला एवढं पुरेल. मुलींसाठी तर हे आधी व्हावं, कारण घरच्या कामासाठी पाण्याशी जाणाऱ्या बायकांना पोहायला कोणी शिकवलेलंच नसतं. चित्रपट शर्यत किती खरी दाखवतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्या शर्यतीमुळे भोर-वेल्ह्यातली किती मुलं नीट पोहायला शिकली, हा त्याहून मोठा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आपल्याच हातात आहे.