गाणें पाहावें कसें?



गाणें ऐकावयाचें असतें, तें पाहावयाचें कसें, असें पूर्वी कोणी विचारलें असतें तर आम्ही त्यास हंसलों असतों. आज मात्र घरोघरीं गाणें आधीं दिसतें आणि मग ऐकूं येतें. तेव्हां हीं गीतचित्रें जोडतात कशीं, याचा थोडा विचार करूं.

बोलपटाच्या आरंभकाळीं नट स्वतः गात असे आणि गाणें व चित्र एकाच वेळीं टिपलें जाई. असें गाणें मध्येंच तोडणें कठीण. १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्यें नितीन बोस यांनीं गाणें अगोदर मुद्रित करून घेतलें व नटांनीं त्यावर केवळ ओठ हालविले. तेव्हांपासून चित्राचे तुकडे हवे तेथें घेऊन मागाहून सांधण्याची मोकळीक मिळाली.

या सांधणीचें गणित सोपें आहे. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदास २४ चित्रें सरकतात. मिनिटास १२० मात्रांची लय धरली, तर एका मात्रेस १२ चित्रें येतात आणि केरव्याच्या आठ मात्रांचें आवर्तन ९६ चित्रांत, म्हणजे ४ सेकंदांत पुरें होतें. समेवर तुकडा बदलला कीं डोळा आणि कान एकदम टाळी देतात. परंतु प्रत्येक मात्रेवर तो बदलूं लागला, तर समेचें महत्त्वच उरत नाहीं.

कथेचेंही तसेंच आहे. ध्रुवपदाचे शब्द तेच असतात. पण मधल्या अंतऱ्यांत पात्रावर कांहीं ओढवलें असेल, तर त्याच शब्दांचा अर्थ पालटतो. व्ही. शांताराम यांच्या 'माणूस' (१९३९) या बोलपटांत मैनेच्या तोंडीं अनंत काणेकरांचें एक गीत आहे. त्यांत अनेक प्रांतांच्या भाषा येतात. भाषा पालटते, ध्रुवपदाची बेफिकिरी तीच राहते. तिच्या दारीं येणारें जग किती दूरदूरचें आहे, हें न सांगतां कळतें.

आमच्या जवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचीं गीतें १९६१ सालीं 'मानिनी' बोलपटांत आलीं. अशा गीतांतला एकेक शब्द शेतांतला, चुलीजवळचा. तो मनांत उतरण्यास अवसर लागतो. चित्र फार धांवलें, तर डोळा गुंततो आणि शब्द निसटतो.

हें मला घरींच उमगलें. माझ्या नातवानें नशिराबादेस माझ्या मातोश्रींची जात्यावरची ओवी मोबाइलवर टिपली. तीन मिनिटांच्या गाण्याचे त्यानें नव्वद तुकडे केले : घटकेंत बांगड्या, घटकेंत पीठ, घटकेंत आढें. मातोश्रींनीं तें पाहिलें आणि म्हणाल्या, "जातं माझं, हात बी माझे, पण मी म्हणते काय, ते कुठं ऐकू येतं?" ओवींत त्यांनीं आपल्या दिवंगत भावाचें नांव घातलें होतें आणि नेमक्या त्याच क्षणीं पडद्यावर आढें फिरत होतें. नातवानें चित्र पुन्हा जोडलें. अकराच तुकडे ठेविले. भावाच्या नांवाशीं फक्त चेहरा ठेवला आणि जातें थांबेपर्यंत तो कापला नाहीं. सात महिन्यांनीं मातोश्री निवर्तल्या. आतां ती ओवी लावली कीं त्या नांवापाशीं घरांतलें कोणी बोलत नाहीं.

म्हणून मुलांनीं केलेलें गीतचित्र पाहतांना एकच विचारावें : हा तुकडा येथेंच कां बदलला? 'समेसाठीं' किंवा 'अर्थासाठीं' असें उत्तर आलें, तर शाबासकी द्यावी. 'उगाच' असें आलें, तर कातर खालीं ठेवावयास सांगावें.