घरातली धूळ आणि दमा : लेखांक अकरावा
फडके किती वेळात वाळते?

गाद्या-उशांच्या खोळींचे प्रकरण या आठवड्यास घेण्याचे मी कबूल केले होते. परंतु सुरगाण्याहून एका वाचक भगिनीने विचारलेला प्रश्न इतका नेमका आहे, की खोळी एक सप्ताह तहकूब ठेवणे भाग आहे. त्यांच्या मुलाला दमा आहे. घराची पडवी कोब्याची, आतील जमीन सारवलेली, भिंती निम्म्या विटांच्या व निम्म्या कुडाच्या, वर कौले. पिसांचा कुंचा, नाशिकहून आणलेले मायक्रोफायबरचे फडके आणि जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, या तिहींपैकी वर्षानुवर्षे धुऊन वापरण्याजोगे कोणते, असे त्या विचारतात.

कुंचा प्रथमच बाद करावा. लायडनच्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी १९६४ साली घरातल्या धुळीचा त्रास ज्याच्यामुळे होतो म्हणून ज्या धूळकिड्याकडे बोट दाखविले, त्याच्या विष्ठेचे कण साधारण १० ते ४० मायक्रॉनांचे असतात. हवा स्तब्ध असली तर अर्ध्या तासात ते खाली बसतात, आणि बसलेल्या त्या कणांना पुन्हा रोग्याच्या नाकापर्यंत उचलून नेण्याचे काम कोरडा कुंचा फार चोख करतो.

उरली दोन फडकी. मायक्रोफायबर हे पॉलिस्टर आणि नायलॉन यांच्या, केसाहून पुष्कळच बारीक चिरलेल्या तंतूंचे असते, म्हणून थोड्या पाण्यातही ते सूक्ष्म धूळ पकडून ठेवते. मात्र उकळते पाणी, कडक इस्त्री व कपडे मऊ करणारी द्रावणे त्यास सोसत नाहीत. लुगड्याचा तुकडा धूळ तितकी घट्ट धरीत नाही, पण तो खुशाल उकळावा. शहरात, कोरड्या हवेत, हा वाद येथेच संपला असता. परंतु ज्या मुलखात ज्येष्ठाच्या अखेरीपासून भाद्रपदापर्यंत सह्याद्रीच्या माथ्यावर ढग उतरलेले असतात आणि दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, तेथे फडक्याची खरी पारख धूळ धरण्यावर नव्हे, वाळण्यावर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. न वाळलेल्या फडक्याला बुरशी येते, आणि बुरशीचे बीजकण दम्याला धुळीइतकेच डिवचतात. अशा फडक्याने कपाट पुसणे म्हणजे कपाटाला बुरशी सारवणेच होय.

परीक्षा सोपी आहे. दोन्ही फडकी भिजवून सारख्याच जोराने पिळावीत, दिवेलागणीस पडवीतील दोरीवर एकेरी पसरावीत आणि सकाळी गालाला लावून पाहावीत. बोटांना न कळणारा दमटपणा गालाला लगेच कळतो. लोकरीसारखे दाट मायक्रोफायबर येथे बहुधा नापास होते, पातळ विणीचे उतरते. झिजलेले लुगडे तर बहुधा उतरतेच, फक्त त्याचा काठ ओला राहतो. म्हणून काठ कापून टाकावा आणि कडा दुमडून शिवू नयेत. दोरे निघतात ते निघू द्यावेत. फडके चुलीवर मात्र वाळत घालू नये, धूर त्यात मुरतो. चुलीच्या धुराचा स्वतंत्र लेखांक मला लिहावयाचाच आहे.

हातभर चौकोनी फडक्याची दोनदा घडी केली म्हणजे पुसण्यास आठ पृष्ठे मिळतात. एक मळले की दुसरे उलगडावे. आठही संपली की ते फडके बाजूला टाकून नवे घ्यावे, तेच त्याच बादलीत बुचकळून पुन्हा फिरवू नये. साधे पाणी पुरे. फिनेलचा उग्र वास दमेकऱ्यास नडतो. धूळकिड्याच्या विष्ठेतील अपायकारक अंश पाण्यात विरघळणारा असल्यामुळे थंड पाण्याच्या धुण्यानेही तो बराचसा निघून जातो. सारवलेल्या जमिनीस फडके चालत नाही, तेथे पाण्याचा हलका शिडकावा करून मगच केरसुणी फिरवावी. कुडाच्या भिंतीवर आणि कौलांखालच्या जळमटांवर, बांबूला ओले फडके गुंडाळून तेच हळूहळू टेकवीत न्यावे.

येथे दसरा काढण्याविषयी लिहिल्याविना मला राहवत नाही. पावसाळ्यातील दमट हवेत धूळकिडे मुबलक वाढतात, कारण ते हवेतील ओलावाच अंगात शोषून जगतात; पाऊस सरून हवा कोरडी पडू लागली की ते मरतात, पण त्यांची विष्ठा व कलेवरे गोधड्यांत आणि फडताळांत तशीच राहतात, सुकतात आणि भुगा होतात. नेमक्या त्याच पंधरवड्यात आपण माळ्यावरच्या वळकट्या खाली ओढतो, पडवीतच झटकतो आणि सारे घर कोरड्या झाडूने झाडून काढतो. ही प्रथा मला अत्यंत प्रिय आहे, ती मोडावी असे मी कदापि म्हणणार नाही. तिची तजवीज तेवढी बदलावी. गोधड्या न झटकता घडीसकट उचलून नदीवर न्याव्यात, आधी भिजवून मगच आपटाव्यात, आणि मुलाला तो दिवस मामाच्या घरी पाठवावे. एरवीही पुसण्याचे काम तो शाळेत असताना उरकावे व त्यानंतर निदान तासभर ती खोली त्यास वर्ज्य असावी. घर कितीही लख्ख झाले तरी डॉक्टरांनी दिलेला पंप आपल्या विचाराने बंद करू नये, हे मी प्रत्येक लेखांकात लिहितो व पुढेही लिहीत राहीन.

खोळींचा विषय पुढील आठवड्यास निश्चित. तोवर वाचकांनी आपापल्या गादीची लांबी, रुंदी आणि विशेषतः जाडी मोजून ठेवावी. चहूबाजूंनी बंद होणाऱ्या खोळीचे माप बहुतेक ठिकाणी जाडीतच चुकते.