समन्स आले? घेऊन टाका

जळगाव-धुळ्याकडे बांधाच्या भांडणात साक्षीचे समन्स आले की काहीजण मळ्यात निघून जातात. समन्स म्हणजे अटक नव्हे! टाळले तर ते दाराला चिकटवतात.

फौजदारी समन्स, माणूस सापडला नाही तर, पूर्वी घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच देत. १ जुलै २०२४ पासून, नव्या नागरिक सुरक्षा संहितेने, सज्ञान बाईकडेही देता येते. तेव्हा ताई, सही करताना कोर्टाचे नाव नि तारीख वाचून घ्या. सालदार मात्र घरचा धरत नाहीत.

दिवाणी दाव्यात नुसता कागद मागितला असेल तर तो दुसऱ्याबरोबर पाठवला तरी भागते. साक्षीला बोलावणाऱ्याने तुमचा प्रवासखर्च कोर्टात भरायचा असतो. तो मागायला लाजू नका. त्याच दिवशी केळीची कापणी निघाली तर आधी कोर्टाला अर्ज द्या. न कळवता गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकते.