नाताळ २५ डिसेंबरला संपत नाही

डिसेंबर उजाडला की एक वाक्य हमखास कानावर येते : नाताळ म्हणजे ख्रिस्ती लोकांची दिवाळी. म्हणणारा प्रेमाने म्हणतो, आणि रोषणाई, फराळ, नवे कपडे पाहिले तर ते खोटेही वाटत नाही. पण त्यामुळे सणाचा मोठा भाग नजरेआड होतो. नाताळच्या आधीचे चार रविवार हा आगमनकाळ, आणि तो जल्लोषाचा काळ नव्हेच. कॅथलिक चर्चमध्ये या दिवसांत धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो. हा प्रायश्चित्ताचा रंग. रविवारच्या मिस्सेतले गौरवगीत या आठवड्यांत गायले जात नाही, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवलेले असते. केरळातले सुरियानी ख्रिस्ती पंचवीस दिवसांचा उपवास धरतात. हिरव्या पानांच्या चक्रावर दर रविवारी एकेक मेणबत्ती लावण्याची प्रथा आता अनेक चर्चमध्ये दिसते. तिचे मूळ हॅम्बुर्गमधल्या गरीब मुलांच्या एका आश्रमात आहे. ‘नाताळ कधी?’ असे रोज विचारणाऱ्या मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून १८३९ साली योहान विखर्न या पाळकाने असे चक्र टांगले. वाट पाहणे हे या सणातले पहिले काम आहे. बाजार नेमके तेच गाळतो : पहिल्या तारखेपासून सण सुरू करतो आणि सव्वीसला गुंडाळतो.

तारखेबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. येशूचा जन्म २५ डिसेंबरलाच झाला, हा एक. शुभवर्तमानांत दिवस सोडा, महिनाही दिलेला नाही. मार्क आणि योहान तर जन्मकथा सांगतच नाहीत. इ.स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट लोकांनी मांडलेल्या निरनिराळ्या तारखा नोंदवतो, त्यांत मे महिन्यातलीही एक आहे. २५ डिसेंबर आढळतो तो इ.स. ३५४च्या एका रोमन नोंदसंग्रहात. दुसरे टोक म्हणजे चर्चने सूर्याचा सण चोरला, हा ठाम दावा. ऑरेलियन या सम्राटाने २७४ साली रोममध्ये सूर्यदेवाचे मंदिर उभारले, हे खरे. पण येशूची गर्भधारणा आणि त्याचा मृत्यू एकाच तारखेला, २५ मार्चला, झाला असे मानून तिथून नऊ महिने पुढे मोजण्याची ख्रिस्ती परंपराही जुनी आहे. अभ्यासकांचा वाद मिटलेला नाही. आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला जन्मोत्सव करते आणि तिथल्या भाविकांचा आनंद तसूभरही कमी नसतो.

गोठ्यातल्या मूर्तींकडे पाहून आणखी काही समजुती पक्क्या होतात. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक तीन होते किंवा ते राजे होते, असे मत्तय कुठेही म्हणत नाही. सोने, ऊद आणि गंधरस ही दाने तेवढी तीन. ते पोचतात तेही घरात. बैल आणि गाढव शुभवर्तमानात नाहीत, ते यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून आले. म्हणून गोठा मांडू नये असे मात्र मुळीच नाही. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने खरे गवत, खरी गव्हाण, खरा बैल आणि गाढव आणून मध्यरात्रीची मिस्सा करवली. त्या बाळापाशी काय काय नव्हते, ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. वसईच्या गावांत आज कारंजी आणि विजेच्या माळांनी सजलेले गोठे उभे राहतात, मुले त्यासाठी रात्री जागवतात. ती मेहनत मला फार प्रिय आहे. पण गोठ्यात काय नसावे, याचाही विचार व्हावा असे वाटते. लूक सांगतो की मंदिरात बाळाला अर्पण करताना मरिया आणि योसेफ यांनी पक्ष्यांची जोडी देण्याचा नियम पाळला. ती सवलत कोकरू न परवडणाऱ्यांसाठी होती.

हा सण पाश्चात्त्यांचा, ही समजूत आपल्याकडे सर्वात घट्ट आहे. बेथलेहेम आशियात आहे, एवढे एक उत्तर पुरेसे आहे. पण मराठी वाचकासाठी आणखी जवळचे उत्तर आहे. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यातल्या रायतूरला १६१६ साली छापले गेले. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत आली तेव्हा इंग्लंडातल्या घराघरांत नाताळचे झाड पोचायला दोन शतकांहून अधिक अवकाश होता. पुढे नारायण वामन टिळकांनी उपासनेत भजन-कीर्तन रुजवले. झाड आणि सांताक्लॉज ही मागाहून आलेली पाहुणेमंडळी आहेत. त्यांना हाकलण्याचे कारण नाही. सांताच्या मागे मायराचे बिशप निकोलस आहेत, आणि त्यांच्याविषयीच्या आख्यायिकेत ते गरीब मुलींच्या लग्नासाठी रात्री, गुपचूप सोने टाकून जातात.

सगळ्यात दुखवणारा गैरसमज मी शेवटी ठेवला आहे : नाताळ फक्त आनंदी माणसांचा. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले, ते घर तारा लावत नाही, फराळ करत नाही, आणि आपल्याला या सणात जागा नाही असे मनाशी ठरवते. चर्चचे पंचांग उघडून पाहा. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दगडमाराने मारला गेलेला पहिला रक्तसाक्षी स्तेफन याचा सण. २८ला हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचा. बाळाला घेऊन आईबाप रातोरात इजिप्तला पळतात, परक्या देशात आसरा शोधतात, आणि मागे उरलेल्या आया सांत्वन नाकारून आक्रोश करतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातला हा भाग त्याच दिवशी वाचतात. ज्यांनी हा सण घडवला त्यांनी दुःख जन्माच्या शेजारीच मांडले. देव माणसात आला असे म्हणायचे, तर तो ज्या जगात आला तिथे हेरोदही होता, हे झाकून चालत नाही. पुढे ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण येतो; गोव्यात रेइश मागूश आणि चांदरला त्या दिवशी तीन राजांची मिरवणूक निघते. तोवर नाताळ चालूच असतो.

ज्या शेजाऱ्याला २५ची मेजवानी झेपणार नाही, त्याला २८च्या मिस्सेला यायला सांगता येते. त्या दिवशी चर्चमध्ये गर्दी नसते. बरोबर चालायला मात्र कोणीतरी हवे असते, आणि त्याच्या दारापर्यंत आपणच जायचे असते.