'ओरिजिनल' म्हणजे नेमकं काय? एका जुन्या प्लायमाउथची गोष्ट

समजा, जूचंद्रच्या एखाद्या गॅरेजात 1956 ची प्लायमाउथ विकायला आहे. जाहिरातीत लिहिलंय: 'अमेरिकन व्हिंटेज, पूर्ण रिस्टोअर केलेली, नवं डिझेल इंजिन, एसी.' तुमचा विषय आहे मुंबई परिसरातल्या व्हिंटेज गाड्या. ही गाडी नमुन्यात घ्याल का?

आधी व्याख्या ठरवा. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, खासगी वापराची आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडीच व्हिंटेज. तिला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. आपली प्लायमाउथ वयात बसते, इंजिनापाशी अडकते. कार्यात्मक व्याख्या म्हणतात ती हीच: दोन वेगळ्या माणसांनी लावली तरी उत्तर एकच यावं. 'छान जपलेली' ही व्याख्या नव्हे, ते कौतुक झालं.

'अमेरिकन' हा शब्दही तपासा. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स क्रायसलरशी करार करून कुर्ल्यात डॉज आणि प्लायमाउथ जोडायची. मग गाडी डेट्रॉइटची की कुर्ल्याची? आरसी बुक आणि चासीवरची प्लेट बघा, रंगावरून कळणार नाही.

मग ही गाडी टाकून द्यायची? मुळीच नाही, प्रश्न बदला. 'पेट्रोल परवडेना तेव्हा मालकांनी या गाड्या चालत्या कशा ठेवल्या?' असं विचारलंत, तर तेच डिझेल इंजिन तुमचा पुरावा ठरू शकतं. फक्त ते कधी बसवलं, ते आरसीवरच्या नोंदीत शोधा. गेल्या वर्षी बसवलं असेल, तर ते विकणाऱ्याबद्दल सांगतं, जुन्या मालकांबद्दल नाही.